पहारेकरी आणि कारभारी

पुण्यास राहणाऱ्या आमच्या एका वाचकांनीं पत्र लिहून विचारलें आहे कीं, "गांवीं आई व वडील दोघेंच असतात. चोराची वर्दी देणारी गजर-यंत्रणा एका कंपनीकडून बसवून घेतली आहे. दिवे, पंखे, पाण्याचा पंप चालविणारें सॉफ्टवेअरही मीं घरच्या एका लहान संगणकावर घातलें आहे. आतां ही यंत्रणा त्यास जोडावी काय, व जोडल्यास कोठवर?" प्रश्न यंत्राचा दिसतो, आणि त्याचें अर्धें उत्तर यंत्रशास्त्राचेंच आहे. उरलेलें अर्धें मात्र घरांतील माणसांकडे पाहून द्यावें लागतें. गेल्या चैत्रांत आंबेजोगाईस एका स्नेह्यांच्या घरीं आम्हीं जें पाहिलें त्यावरून आमची तशी खात्री झाली आहे. म्हणून दोन ओळींत उत्तर न देतां तें घरच वाचकांपुढें मांडतों.

बीड जिल्ह्यांतील हें गांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचें असेल. कोंकणांतील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी तेथें आहे. मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधीही तेथेंच आहेत. निजामी अमलांत या गांवास मोमिनाबाद म्हणत. आमच्या स्नेह्यांचा वाडा जुन्या वस्तींत आहे. जाड भिंती, वर माळवद, दिंडी दरवाज्याच्या आंत ढाळज, पुढें चौक, मग माजघर, आणि मागें परसांत तुळशीवृंदावन व आड, अशी त्याची ठेवण आहे. एके काळीं या वाड्यांत दोन वेळां पंगती उठत. आज तेथें तात्या व माई दोघेंच राहतात. तात्या ऐंशीच्या घरांत आहेत. मुलें पुण्यास व नाशिकास. नातूही पुण्यासच संगणकाच्या नोकरींत आहे.

"आमच्या दाराला कुलूप लागलेलें मीं लग्नानंतर तीस वर्षें पाहिलें नव्हतें," असें माई म्हणाल्या. त्यांत नवल नाहीं. ढाळजेंत कोणी ना कोणी निजलेलें असे, दिंडीला आंतून अडणा असे, आणि अपरात्रीं पाऊल वाजलें तर खोकून जाग दाखविणारें एक तरी वडील माणूस घरांत असेच. एकत्र कुटुंब ही स्वतःच एक पहाऱ्याची व्यवस्था होती. ती बसवावी लागत नव्हती म्हणून तिची किंमत कोणास कळली नाहीं. दोन वर्षांपूर्वीं त्याच आळींतील एक घर, माणसें परगांवीं गेलीं असतां, फुटलें. तेव्हां मुलांनीं त्या श्रावणांत कंपनीची यंत्रणा आणून बसविली.

या यंत्रणेची रचना समजून घेण्यासारखी आहे. भिंतीवर एक लोखंडी पेटी असते; तें तिचें मुख्य ठाणें. तेथून तारा निघून प्रत्येक दाराखिडकीपर्यंत जातात. दाराच्या फळीवर लोहचुंबकाचा तुकडा बसवितात, व समोर चौकटींत कांचेच्या बारीक नळींत दोन पातळ लोखंडी पातीं असतात. दार मिटलेलें असेल तोंवर चुंबकाच्या ओढीनें तीं पातीं एकमेकांस चिकटून राहतात व विजेचें वर्तुळ पुरें होतें. दार उघडतांच तीं सुटतात, वर्तुळ तुटतें व पेटीस कळतें. ही पात्यांची युक्ति अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत वॉल्टर एलवुड यांनीं १९३६ सालीं काढली. चोरानें तार कापली तरी वर्तुळ तुटतेंच, म्हणून गजर होतो. त्यानें तारा परस्परांस जोडून पेटीस फसवूं पाहिलें, तर वर्तुळाच्या टोकाशीं बसविलेल्या एका लहानशा विद्युत्-रोधकामुळें तीही लबाडी उघडकीस येते.

याशिवाय माजघरांत व ढाळजेंत कोपऱ्यांत एकेक सेन्सर बसविला आहे. त्यास डोळा म्हणतात. पण तो पाहत नाहीं, माणसाच्या अंगांतून निघणारी ऊब जाणतो. ऊब हलली कीं तो वर्दी देतो. वैशाखांत बीडकडे पारा चाळीस अंशांवर चढला, म्हणजे भिंतीची ऊब व माणसाची ऊब यांतील भेदच कमी होतो व हा डोळा मंदावतो. उलट त्याच्या तोंडावरून पाल सरकली, तर तिलाही तो दरोडेखोर समजतो. पेटींत बारा व्होल्टची बॅटरी असते, छपराखालीं भोंगा असतो, आणि मोबाईलचें एक कार्ड असतें, ज्याच्या योगें पेटी स्वतःच फोन लावते. एकंदरींत हा पहारेकरी साध्या बुद्धीचा आहे, पण इमानी आहे. वीज गेली, इंटरनेट गेलें, तरी तो आपल्या जागेवरून हलत नाहीं.

यंत्रणा बसविणारे कारागीर दोन-तीन तासांत काम उरकून गेले. घरांत कोण केव्हां उठतें, हें त्यांनीं विचारलें नाहीं व घरच्यांनाही सांगण्याचें सुचलें नाहीं. रात्रीं पहारा लावला कीं दारें-खिडक्या आणि आंतले डोळे, सारेंच जागें होई. तात्यांचा नेम पहाटे चारला उठण्याचा. पहिल्याच पहाटे ते माजघरांत आले मात्र, भोंगा असा ओरडला कीं सारी आळी दारांत उभी राहिली. दुसऱ्या पहाटे त्यांनीं आंकडे दाबून पहारा उठविण्याचा यत्न केला. पण चष्म्यावांचून आंकडे दिसेनात, तीस सेकंदांची मुदत संपली, आणि पुन्हां तोच प्रकार. तिसऱ्या दिवसापासून तात्या उठेनासे झाले. जाग चारलाच येई. परंतु सहा वाजतां माई उठून आंकडे दाबीपर्यंत ते अंथरुणावर बसून राहत. ही गोष्ट त्यांनीं तीन महिने कोणास सांगितली नाहीं. "मुलांनीं पैसे खर्चून हौसेनें केलें, त्यांचा हिरमोड कशाला करावा?" असें ते आम्हांस म्हणाले. जो मनुष्य चोरास कधीं भ्याला नाहीं, तो आपल्याच घरांत आपल्याच पावलास भिऊं लागला होता!

दिवाळीस नातू आला तेव्हां माईंनीं त्याच्या कानावर ही हकीकत घातली. मुलगा गुणी. त्यानें पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक आणून माजघरांतील फडताळांत ठेवला व त्यावर होम असिस्टंट नांवाचें सॉफ्टवेअर घातलें. पॉलस स्काउटसेन या डच तरुणानें तें २०१३ सालीं आरंभिलें. तें विनामूल्य आहे, त्याची घडण सर्वांस पाहावयास खुली आहे, आणि आपलें काम तें घरांतल्या घरांत करूं शकतें. निरनिराळ्या कंपन्यांचे दिवे, पंखे, पंप, सेन्सर यांना एका पंक्तीस बसवून अमुक झालें तर तमुक करावें असा नियम घालून देणें, हें त्याचें मुख्य कार्य. थोडक्यांत, तो घरचा कारभारी होय.

नातवानें घाईंत सर्वांत सोपी वाट धरली. गजराच्या कंपनीचें इंटरनेटवरील खातें त्यानें या कारभाऱ्यास जोडून दिलें व सारीं सूत्रें त्याच्या हातीं सोंपविलीं. रात्रीं दहा वाजतां पहारा आपोआप लागे, पहाटे चारला आपोआप उठे, परसांतला दिवा लागे, पाणी तापूं लागे, आणि कोणतेंही दार उघडलें कीं पुण्यास नातवाच्या मोबाईलवर नोंद उमटे. तात्या पुन्हां चारला उठूं लागले. आम्ही त्या वेळीं तेथें असतों तर आम्हींही शाबासकीच दिली असती.

दोष हळूं हळूं दिसूं लागले. पहिला माईंना दिसला. दुपारीं दोन वाजतां मागलें दार उघडलें कीं फोन येई, "अग माई, एवढ्या उन्हांत कुठें निघालीस?" नातवाच्या मनांत काळजीखेरीज कांहीं नव्हतें, पण माईंचे शब्द आम्हांस विसरतां येत नाहींत. त्या म्हणाल्या, "सासूबाईंच्या राज्यांत मीं पंचवीस वर्षें काढलीं. त्यांची शिस्त कडक होती. पण मागल्या दारानें घटकाभर शेजारीं गेलें, तर त्याही विचारीत नसत." चोरासाठीं लावलेली नजर घरच्या बाईवर येऊन ठेपली होती. मागलें दार ही आपल्या घरांतील स्त्रियांची जुनी मोकळीक आहे. हळदीकुंकवाच्या दोन गोष्टी, शेजारणीकडून आणलेलें विरजण, मन मोकळें करण्याची जागा, हें सारें त्याच दारांतून चालत आलें. तेथें प्रत्येक उघडझांपेची नोंद ठेवणें म्हणजे सुरक्षितता नव्हे.

दुसरा दोष पुढच्या वैशाखांत उघडा पडला. परळीचें औष्णिक विद्युत्-केंद्र याच जिल्ह्यांत आहे; २०१५ सालीं पाण्याच्या टंचाईमुळें तेंही बंद ठेवावें लागलें होतें. पण केंद्र जवळ असलें म्हणून वळवाच्या वाऱ्यापुढें तारा टिकतातच असें नाहीं. एके रात्रीं नऊच्या सुमारास वादळ झालें व वीज गेली. इंटरनेटची पेटी तत्क्षणीं विझली. लहान संगणक इन्व्हर्टरवर होता, पण इन्व्हर्टरची बॅटरी जुनी. तोही मध्यरात्रीपूर्वीं निजला. दहा वाजतां कारभाऱ्यानें पहारा लावावयाचा, पण त्याचा हुकूम आंबेजोगाईच्या माजघरांतून निघून कंपनीच्या दूरच्या संगणकास वळसा घालून परत त्याच माजघरांतील पेटीस पोहोंचणार! ती वाटच बंद होती. तात्या-माईंची आंकडे दाबण्याची संवय दिवाळीपासून सुटलेली. नातवाच्या मोबाईलवर सायंकाळची स्थिति तशीच दिसत राहिली व तो निर्धास्त झोंपला. लोखंडी पेटी मात्र आपल्या बॅटरीवर रात्रभर जागी होती. पहारेकरी उभा होता, शस्त्र हातांत होतें. पण हुकूम देणारा कारभारी निजला होता, आणि घरचीं माणसें हुकूम देणें विसरलीं होतीं. त्या रात्रीं चोर आला नाहीं, हें दैव. ती व्यवस्था नव्हे.

येथें आमच्या वाचकांच्या प्रश्नाचें मर्म आहे. दोन यंत्रणा जोडणें ही कांहीं नवी वा वाईट कल्पना नाहीं. विजेच्या गजराचें पेटंट अमेरिकेंत ऑगस्टस पोप यांनीं १८५३ सालीं घेतलें. पुढें त्याचे हक्क एडविन होम्स यांनीं विकत घेऊन तो धंदा नांवारूपास आणला. १८७७ सालीं बॉस्टन शहरांत याच होम्स घराण्याच्या गजराच्या तारांवर टेलिफोन जोडण्यांत आले. दिवसां त्या तारांवर माणसें बोलत व रात्रीं त्याच तारा पहारा करीत. जोडणी झाली, पण रात्रीं पहाऱ्याचा हक्क पहिला, ही मर्यादा तेथें पाळली गेली.

आपल्याकडे तर हा विचार याहून जुना आहे. शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था सभासदानें आपल्या बखरींत नोंदून ठेविली आहे. गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन अधिकारी सारख्या दर्जाचे असत व तिघांनीं मिळून कारभार करावा अशी ती योजना होती. एक चुकला, निजला वा फितूर झाला, तरी गड जाऊं नये, हें त्यांतील शहाणपण. घरालाही तेंच लागू आहे. गजराची यंत्रणा व घर चालविणारें सॉफ्टवेअर यांनीं एकमेकांशीं बोलावें. पण पहारेकरी कारभाऱ्याचा ताबेदार नसावा. कारभारी उद्यां बंद पडला, त्याची नवी आवृत्ति घालतांना कांहीं बिघडलें, किंवा परक्यानें त्यास वश केलें, तरी पहारा कालच्यासारखाच चालला पाहिजे. अर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईस कुलुपें बनविण्यास आरंभ केला. कुलुपाचा मोठा गुण हाच कीं, त्याला मिटून राहण्यासाठीं दुसऱ्या कोणाची परवानगी लागत नाहीं. गजराच्या पेटींतही आपण तोच गुण शोधला पाहिजे.

आतां जोडण्याच्या वाटा पाहूं. त्या मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट कंपनीच्या इंटरनेटवरील खात्याची. ती सोपी खरी. पण तिच्यांत आपल्या घराची किल्ली परक्याच्या खुंटीवर टांगली जाते. अमेरिकेंत रिव्हॉल्व्ह नांवाची गृहयंत्रणा होती. ती कंपनी २०१४ सालीं नेस्ट या कंपनीनें विकत घेतली व मे २०१६ मध्यें तिची सेवा बंद केली. लोकांच्या घरांतील पेट्या धडधाकट होत्या, पण एका दिवसांत त्या मुक्या झाल्या. २०२२ सालीं तेथील जुनें थ्री-जी मोबाईल-जाळें बंद झालें तेव्हां, ज्या गजरांचें बोलणें त्या जाळ्यावरच चाले, त्यांचीं यंत्रें बदलावीं लागलीं. तेव्हां ही वाट दिव्यांना व पंख्यांना चालेल. पहाऱ्यास तिच्यावर सोडूं नये.

दुसरी वाट पेटी व आंकड्यांची पाटी यांमधील तारांची. त्या तारांवर या दोघांचें अखंड संभाषण चालू असतें. तें ऐकणारें व त्यांत बोलणारें लहानसें जोडयंत्र कांहीं जातींच्या पेट्यांसाठीं मिळतें. त्या योगें कोणतें दार उघडलें, कोणता डोळा जागा झाला, हें सारें घरांतल्या घरांत सॉफ्टवेअरला समजतें. बाहेरच्या कोणाची गरज राहत नाहीं. ही वाट समर्थ आहे. परंतु पेटीची रचना बदलण्याचा गुप्त आंकडा बहुधा बसविणाऱ्याकडेच असतो व तो मागितल्यावांचून मिळत नाहीं. शिवाय कंपनीस न विचारतां तारांना हात लावल्यास हमी जाण्याचा संभव असतो. म्हणून करार करतांनाच हा विषय काढावा.

तिसरी वाट दिसावयास गरीब आहे. पुष्कळ पेट्यांत एक-दोन मोकळीं टोंकें ठेवलेलीं असतात. पहारा लागला कीं एक मिटतें, गजर झाला कीं दुसरें मिटतें, असें त्यांस शिकवितां येतें. तेथून एक साधी तार कारभाऱ्याकडे न्यावयाची. त्यास तेवढ्या दोनच गोष्टी कळतात: पहारा चालू आहे कीं नाहीं, आणि गजर झाला कीं नाहीं. तो ऐकतो, पण उलट हुकूम देऊं शकत नाहीं. वादळानंतर नातवानें विचार करून हीच वाट पत्करली, व कंपनीच्या माणसास बोलावून त्याच्याच हातून ती जोडून घेतली. यांत एक मोठा लाभ न मागतां पदरांत पडला. कोणतें दार केव्हां उघडलें हें आतां सॉफ्टवेअरला कळतच नाहीं. माईंचें मागलें दार पुन्हां माईंचें झालें. वचनावर अवलंबून असलेली मोकळीक केव्हांही जाऊं शकते. तारच नसली म्हणजे ती मोडण्याचा प्रश्न उरत नाहीं.

त्याच वेळीं पहाऱ्याची रीतही बदलली. रात्रीं आतां केवळ दारें व खिडक्या राखल्या जातात. आंतले डोळे घर रिकामें असेल तेव्हांच जागे होतात. त्यामुळें तात्यांना माजघरांतून खुशाल वावरतां येतें. आंकड्यांच्या पाटीशिवाय परसदाराच्या आंतल्या अंगास एक किल्लीची कळ बसविली आहे. किल्ली फिरविली कीं पहारा उठतो. ही सोय पुष्कळ पेट्यांत असते, पण कोणी मागत नाहीं. तात्यांची किल्ली त्यांच्या जानव्याला आहे, जेथें त्यांच्या वडिलांची तिजोरीची किल्ली असे. माईंची त्यांच्या कमरेच्या जुडग्यांत. चष्मा नको, आंकडे पाठ नकोत, मुदतीची धांदल नको.

कारभाऱ्याकडे मग काय उरलें? पुष्कळ उरलें. रात्रीं दहापर्यंत पहारा लागला नाहीं, तर तो माजघरांतील दिवा तीनदां मिणमिणवितो. तो आठवण करतो, स्वतः पहारा लावीत नाहीं. त्यामुळें माणसांची संवय सुटत नाहीं. पहारा लागला कीं पंप बंद करतो. पहाटे किल्ली फिरली कीं परसांतला दिवा लावतो व पाणी तापवितो. गजर झालाच, तर चौक, परस व माळवद यांवरील सारे दिवे एकदम लावतो, पुण्यास कळवितो, आणि शेजारच्या घरांत एक घंटा वाजवितो. यांतील एकही काम असें नाहीं कीं, तें न झाल्यास पहारा दुबळा पडावा. वीज गेली तर दिवे लागणार नाहींत. पण भोंगा ओरडेलच, आणि पेटी स्वतः फोन लावीलच.

शेजारच्या घंटेविषयीं दोन शब्द. अमेरिकेंतील पोलिसांचा अनुभव असा कीं, गजरावरून आलेल्या बहुतेक हांका खोट्या निघतात. म्हणून सॉल्ट लेक सिटी या शहरानें २००० सालापासून असा नियम केला कीं, जागेवर कोणीतरी पाहून खात्री केल्यावांचून नुसत्या गजरावर पोलीस धांवणार नाहींत. याचा अर्थ इतकाच कीं, यंत्र ओरडूं शकतें, पण तें ओरडणें खरें कीं खोटें हें सांगण्यास माणूस लागतो. तात्यांच्या शेजारीं वहिनी आहेत. त्यांनीं आपल्या खिडकींतून पाहावें, हांक मारावी, आणि संशय आल्यास स्वतः आंत न शिरतां ११२ या क्रमांकास फोन करावा, असें ठरलें आहे. याच बीड जिल्ह्यांतून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें ऊसतोडीसाठीं घरें सोडून जातात. पुष्कळ घरांत मागें म्हातारीं माणसें व लहान मुलें राहतात. त्यांच्या दारीं पेटी नाहीं, भोंगा नाहीं. शेजाऱ्याची हांक हीच त्यांची यंत्रणा. ती ज्यांनीं अजून जपली आहे, त्यांच्याकडून आम्हां शिकल्यासवरल्या म्हणविणाऱ्यांनीं पुष्कळ शिकावें.

गेल्या पौषांतील एक सकाळ तात्यांनीं आम्हांस सांगितली. साडेसहा वाजून गेले तरी पहारा उठला नव्हता. अशा वेळीं कारभाऱ्यानें वहिनींना व नातवास निरोप द्यावा असा नियम घातलेला आहे. भोंगा वाजवावयाचा नाहीं. वहिनी येऊन दिंडीवर थाप मारूं लागल्या. माईंना रात्रीं सडकून ताप भरला होता. तात्या कपाळावर घड्या ठेवीत बसून होते व पहाटे त्यांचा डोळा लागला होता. वहिनींनीं चहा केला, डॉक्टरांना बोलावलें, दोन दिवस आपल्या घरून डबा पाठविला. "चोर अजून आला नाहीं, नच येवो," तात्या म्हणाले, "पण केलेल्या खर्चाचें त्या दिवशीं चीज झालें." किल्ली वेळेवर फिरली नाहीं, एवढी एकच गोष्ट कारभाऱ्यास कळली होती, आणि तेवढी पुरेशी होती.

तेव्हां पुण्याच्या आमच्या वाचकांस उत्तर असें. यंत्रणा अवश्य जोडावी. परंतु पेटीनें बोलावें व सॉफ्टवेअरनें ऐकावें, येथवरच. पहारा आपोआप लागावा याचा मोह आवरावा, व आपोआप उठावा याचा तर विचारही करूं नये. दूर गांवाहून पहारा उठविण्याची सोय ठेवणें भागच असेल, तर ती एकाच जबाबदार माणसाच्या हातीं असावी व तिची माहिती घरांत सर्वांस असावी. यंत्रांबरोबर आलेले मूळचे परवलीचे शब्द त्याच दिवशीं बदलावे. २०१६ सालीं मिराई नांवाच्या घातकी प्रोग्रॅमनें जगभरचे कॅमेरे वश केले, ते असले न बदललेले शब्द वापरूनच. घरांत कॅमेरा लावणें असेल तर तो दिंडीबाहेर पाहणारा असावा. माजघर व स्वयंपाकघर यांकडे त्याचें तोंड नसावें. दर तीन महिन्यांनीं एकदां घरची वीज व इंटरनेट मुद्दाम बंद करून गजर वाजतो कीं नाहीं तें पाहावें, आणि पेटींतील बॅटरी कांहीं वर्षांनीं थकते हें ध्यानांत ठेवून ती वेळीं बदलावी. हें सर्व आई-वडिलांस समजेल अशा मराठींत मोठ्या अक्षरांत लिहून पेटीशेजारीं लावावें.

आणि एक गोष्ट या सर्वांच्या आधीं करावी. जोडणीस हात घालण्यापूर्वीं दोन रात्री त्या घरांत मुक्काम करावा. पहाटे कोण उठतें, कोणत्या दारानें जातें, दुपारीं मागलें दार केव्हां उघडतें, रात्रीं दिवा कोण मालवितें, हें पाहावें. आणि आई-वडिलांस विचारावें कीं, तुम्हांस यांतलें काय नको. वडील माणसें मुलांच्या हौसेसाठीं पुष्कळ सोसतात व बोलत नाहींत. तात्या तीन महिने अंथरुणावर बसून राहिले, हें त्यांच्या मुलांना त्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हतें.